मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळ अनेक

ज्या घरांतील मुलगा, मुलगी अथवा जावई विलायतेस राहतो, त्या घरांत विमानाची वेळ हा माजघरापासून दिवाणखान्यापर्यंत सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय होऊन बसतो. विमान सुटलें कीं आजीबाई देवापुढें निरांजन लावतात, आजोबा खुर्ची पुढें ओढून भिंतीवरील घड्याळाकडे पाहूं लागतात, आणि शाळेंत जाणारा नातू मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून निर्वाळा देतो, "७,२०० किलोमीटर. ताशीं ९०० च्या वेगानें बरोबर ८ तास!" आठ तास होतात, निरोप येत नाहीं. नऊ होतात. आजीबाईंचा चेहरा उतरतो आणि नातवाचा भागाकार पुन्हां तपासला जातो. भागाकारांत चूक सांपडत नाहीं. अंतराला वेगानें भागलें म्हणजे प्रवासाचा वेळ निघतो, ही समजूत मात्र तपासून पाहण्यासारखी असते.

हा आंकडा मुळांत येतो कोठून, आणि घरच्या हिशेबास तो कां पुरत नाहीं, याचा थोडा खुलासा या महिन्यांत करण्याचें योजिलें आहे. मुंबईचा विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ ही जोडी आम्हीं घेतली, ती पुष्कळ वाचकांच्या ओळखीची म्हणून. ज्यांचीं मुलें न्यूयॉर्कला वा सिडनेला आहेत, त्यांनीं आंकडे आपल्यापुरते बदलून घ्यावेत.

प्रथम अंतराचें पाहूं. शाळेच्या नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्यें पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबी समुद्रावरून इराणी आखाताकडे जाते, इराक आणि सीरिया ओलांडून तुर्कस्थानांत शिरते आणि पुढें यूरोपांतून लंडनला पोंचते. रेघ सरळ दिसते खरी. पण हा सर्वांत जवळचा रस्ता नव्हे. पृथ्वी गोल आणि कागद सपाट. गोलावरचें चित्र कागदावर ताणून बसवितांना उत्तरेकडील प्रदेश फुगतात, आणि तिकडून जाणारी जवळची वाट उगीच वळसा घेतल्यासारखी भासूं लागते. घरांत पृथ्वीचा गोल असेल तर मुलांकडून एक प्रयोग अवश्य करवावा. मुंबईवर दोऱ्याचें एक टोंक आणि लंडनवर दुसरें टोंक धरून दोरा घट्ट ताणावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून वायव्येस निघून बलुचिस्तान, इराणचा पूर्व व उत्तर भाग, कॅस्पियन समुद्राची दक्षिण बाजू, कॉकेशस पर्वत, काळा समुद्र, ओडेसाचा परिसर, दक्षिण पोलंड, जर्मनी असें करीत तो लंडन गांठतो. कॅस्पियनच्या रेखांशावर हा दोरा आणि नकाशावरची आपली रेघ यांमध्यें ८०० ते १,००० किलोमीटरांची तफावत पडते. या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलीय त्रिकोणमितीनें गणित मांडलें, तर पृथ्वीच्या केंद्राशीं सुमारें ६५ अंशांचा कोन होतो आणि अंतर ७,२०० किलोमीटरांहून किंचित् अधिक भरतें. नातवानें वाचलेला आंकडा तो हाच.

परंतु विमानाला हा दोरा धरून जातां येईलच असें नाहीं, कारण आकाशालाही कुंपणें आहेत. वर दिलेलीं नांवें पुन्हां एकवार वाचून पाहावीं. फेब्रुवारी २०१९ मध्यें बालाकोटच्या प्रकरणानंतर पाकिस्ताननें आपलें आकाश मिटून घेतलें, तें १६ जुलै २०१९ रोजीं पुन्हां खुलें झालें. फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनवर युद्ध कोसळलें आणि तेथील आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. २४ एप्रिल २०२५ रोजीं पाकिस्ताननें भारतीय विमानांस पुन्हां मज्जाव केला. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोंच १३ जून २०२५ रोजीं इराणचें आकाश बंद पडलें आणि वाटेंत असलेल्या कित्येक विमानांस माघारीं फिरावें लागलें अथवा भलत्याच विमानतळावर उतरावें लागलें. म्हणजे एकाच दोऱ्यावर तीन ठिकाणीं गांठी. अशा दिवसांत विमान दक्षिणेकडून, अरबस्तानावरून वळसा घालतें. अंतर गोलावर होतें तेवढेंच राहतें. प्रवास तेवढा लांबतो. घरांतील थोरांनीं वृत्तपत्रांतील परराष्ट्रांच्या बातम्या वाचाव्या, असें आम्ही एरव्हीं ज्ञानासाठीं सांगतों. ज्यांची मुलें परदेशीं आहेत, त्यांना त्या बातम्या वेळापत्रकासाठींही वाचाव्या लागतात.

थोडें मागें वळून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. याच दोन शहरांमधील पहिली भारतीय विमानसेवा ८ जून १९४८ रोजीं सुरू झाली. 'मलबार प्रिन्सेस' नांवाचें चार पंख्यांचें विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला गेलें. त्याच्या सोळा वर्षें आधीं, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गें जुहूला विमान उतरविलें होतें. आणि आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्यें कलकत्त्यास बोटीवर चढल्या, त्या न्यूयॉर्कला उतरल्या जूनमध्यें. त्यांच्या घरच्यांनीं कोणतें घड्याळ पाहिलें असेल? पत्र येईपर्यंत महिनेच मोजावयाचे.

आतां वाऱ्याकडे वळूं. या विषयांतील खरी गंमत तेथें आहे. जुन्या अंकगणिताच्या पुस्तकांत नाव आणि प्रवाह यांचीं उदाहरणें असत, तीं आमच्या वयाच्या वाचकांस आठवतील. नाव प्रवाहाविरुद्ध अमुक वेळांत जाते आणि प्रवाहाबरोबर तमुक वेळांत परत येते, तर नदीचा वेग काढा. विमान ही हवेंतील नावच होय. त्याचा ताशीं ९०० किलोमीटरांचा वेग हा भोंवतालच्या हवेच्या मानानें असतो. आणि ती हवाच जर समोरून येत असेल, तर खालच्या जमिनीच्या मानानें तो तितका कमी होतो. समजा, मुंबईहून पश्चिमेस जातांना समोरून ताशीं १०० किलोमीटरांचा वारा आहे. मग जमिनीच्या मानानें वेग राहिला ८००, आणि ७,२०० किलोमीटरांस लागले ९ तास. येतांना तोच वारा पाठीशीं. वेग झाला १,००० आणि वेळ ७ तास १२ मिनिटें. जातांना एक तास गेला, येतांना मात्र ४८ मिनिटेंच हातीं लागलीं. वारा अजिबात नसता तर जाऊन-येऊन १६ तास लागले असते. वारा असल्यामुळें १६ तास १२ मिनिटें लागले. बारा मिनिटें गेलीं कोठें? उलट्या वाऱ्यांत विमानाला नऊ तास झुंजावें लागलें आणि सुलट्या वाऱ्याचा आधार मिळाला सात तासांच्या वर थोडाच. नुकसान अधिक वेळ सोसलें, लाभ कमी वेळ मिळाला. हें उदाहरण सातवी-आठवींतील मुलांस अवश्य घालावें. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांचीही त्यांत थोडी तारांबळ उडते.

प्रत्यक्षांत सबंध वाटेवर वारा सारखा नसतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद पण अत्यंत वेगवान् प्रवाह असतात. त्यांना जेट प्रवाह किंवा झोतवारे म्हणतात. त्यांचा वेग ताशीं १०० ते २०० किलोमीटर असणें ही नेहमींची गोष्ट. कधीं कधीं तो ३०० च्याही पुढें जातो. हिवाळ्यांत त्यांपैकीं एक प्रवाह उत्तर हिंदुस्थानावर येतो आणि जोर धरतो. पावसाळ्यांत तो हिमालयापलीकडे सरकतो. म्हणून जाण्याच्या आणि येण्याच्या वेळांतील अंतर बाराही महिने एकसारखें राहत नाहीं. या वाऱ्यांचा शोध लागल्याची कथाही चटका लावणारी आहे. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानें १९२० च्या दशकांत फुगे सोडून हे वारे मोजले आणि साऱ्या जगाला कळावें म्हणून आपला अहवाल १९२६ मध्यें एस्पेरांतो या नव्यानें रचलेल्या जागतिक भाषेंत छापला. जगानें तो वाचलाच नाहीं. पुढें १९४४ मध्यें अमेरिकन बाँबफेकी विमानें जपानवर त्याच वाऱ्यांत सांपडलीं, तेव्हां कोठें वैमानिकांस त्यांची ओळख पटली. हेच वारे पाठीशीं लागले तर काय होतें, तें फेब्रुवारी २०२० मध्यें दिसलें : वादळाच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलें. एरव्हीं त्या प्रवासास साडेसहा-सात तास लागतात.

येथें एका लोकप्रिय गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाकडे लंडनच चालत यावयास हवें, मग उलट वेळ जास्त कां लागतो?" असा प्रश्न चांगले शिकलेले गृहस्थही विचारतात. पृथ्वी एकटी फिरत नाहीं. ती आपली हवा बरोबर घेऊन फिरते, आणि विमान त्या हवेंत आहे. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत मुलानें चेंडू वर उडविला, तर तो मागच्या बांकावर जाऊन पडत नाहीं, त्याच्याच हातांत येतो. तसेंच हें.

तेव्हां वारा, वळसे, चढण-उतरण आणि धांवपट्टीकडे जाण्या-येण्याचा वेळ असें सारें धरून मुंबईहून लंडनला साधारण साडेनऊ ते साडेदहा तास, आणि लंडनहून मुंबईला साडेआठ ते सव्वानऊ तास लागतात. वेळापत्रकांतील वेळ विमान आपल्या जागेवरून हललें तेव्हांपासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, हें ध्यानांत ठेवावें. त्यांत हवेंत उडण्याचा वेळ आलाच, पण रांगेंत उभें राहण्याचाही आला.

वेळापत्रकाचें आणखी एक कोडें म्हणजे तें दोन घड्याळांनीं बोलतें. हिवाळ्यांत पहांटे २ वाजतां मुंबईहून सुटलेलें विमान त्याच सकाळीं साडेसहा वाजतां लंडनला उतरतें, असें छापलेलें असतें. आजीबाई बोटें मोजून म्हणतात, "साडेचार तासांत गेला कीं!" आणि परतीच्या वेळीं रात्रीं ९ वाजतां निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेअकरा वाजतां येतो, तेव्हां साडेचौदा तास कोठें होता म्हणून त्याचीच उलटतपासणी होते. पश्चिमेस जातांना दोन घड्याळांतील फरक मिळवावा : साडेचार अधिक साडेपांच, दहा तास. पूर्वेस येतांना तो वजा करावा : साडेचौदा उणे साडेपांच, नऊ तास. हा फरक हिवाळ्यांत साडेपांच तासांचा असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत इंग्रज लोक घड्याळ एक तास पुढें करतात, म्हणून तेव्हां तो साडेचार तासांचा होतो. सूर्याला विचाराल तर तो यांपैकीं कोणताच फरक मान्य करणार नाहीं. मुंबईचे रेखांश सुमारें पावणेत्र्याहत्तर. प्रत्येक अंशास चार मिनिटें, म्हणजे ग्रिनिचपासून ४ तास ५१ मिनिटें. हा जुना 'मुंबई टाइम'. हिंदुस्थानची एक वेळ १९०६ मध्यें ठरली, तरी मुंबईकरांनीं आपले घड्याळ पुढें जवळजवळ पन्नास वर्षें सोडलें नव्हतें. वृद्ध वाचकांनीं लहानपणीं तें घरांत ऐकलें असेल.

हा दोन घड्याळांचा खेळ औषधें घेणाऱ्यांनीं मात्र गमतीवारीं नेऊं नये. लंडनला जातांना दिवस साडेचार-साडेपांच तासांनीं लांबतो, येतांना तितकाच आंखूड होतो. मधुमेहाचीं, विशेषतः इन्सुलिनचीं, आणि रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्या वडील मंडळींनीं निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा दोन्ही घड्याळांनीं लिहून घ्याव्या आणि तो कागद खिशांत ठेवावा. सामानाच्या पेटींत नव्हे. एकादशीस निघणाऱ्या सासूबाईंचा उपास वाटेंत पांच तासांनीं वाढतो, हें सूनबाईंनीं फराळाचा डबा भरतांना लक्षांत घेतलें म्हणजे झालें.

आतां उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा वेळ पाहूं. वरच्याच उदाहरणांतील मुलगा पुण्याचा आहे असें समजा. पहांटे २ चें विमान म्हणजे रात्रीं ११ वाजतां विमानतळावर हजर. घाटांतील वाहतूक धरून पुण्याहून सायंकाळीं ६ वाजतां निघालेलें बरें. लंडनला साडेसहाला उतरल्यावर पारपत्राची रांग, सामानाचा पट्टा, पुढची आगगाडी; घराचें कुलूप निघेपर्यंत तेथील ९ वाजतात, म्हणजे आपले दुपारचे अडीच. घर सोडल्यापासून साडेवीस तास! त्यांत आकाशाचे दहाच. अंतर कमी असलें कीं हें प्रमाण आणखी बिघडतें. पुणें आणि मुंबई यांचे विमानतळ सरळ रेषेंत सव्वाशें किलोमीटरांच्या आंतबाहेर. विमान हवेंत असतें अर्धा तास. अशी सेवा वेळोवेळीं चाललीही. पण १ जून १९३० पासून धांवणारी दख्खनची राणी १९२ किलोमीटरांस सवातीन तासांच्या सुमारास वेळ घेऊनही तिच्यापुढें हरलेली नाहीं. ती माणसाला शहराच्या मध्यावर नेऊन सोडते, आणि दोन तास आधीं या म्हणत नाहीं.

हा सारा हिशेब करमणुकीसाठीं मांडला असें कोणास वाटूं नये. घरांत वडील अत्यवस्थ झाले म्हणजे लंडनला निरोप जातो, आणि इकडे जमलेल्या मंडळींत पहिला प्रश्न निघतो, "केव्हां पोंचेल?" त्या गडबडींत कोणी तरी पडद्यावर पाहून "नऊ तासांत" असें सांगून टाकतें. त्या एका शब्दावर मग सर्व कांहीं थांबतें. गुरुजींना निरोप जातो, वृद्ध आप्त उपाशी बसून राहतात, आईला "आतां येईलच" असें दर तासाला सांगितलें जातें. इकडे मुलाला तिकीट मिळावयाचें असतें. तें मिळालें तरी विमान बहुधा त्या दिवसाचें नसतें. पुढें नऊ तास, मुंबई, आणि घाट. फोन ठेवल्यापासून चोवीस तासांच्या आंत तो पुण्याच्या दारांत उभा राहिला, तर लवकर पोंचला असें समजावें. आमचें मत स्पष्ट आहे. थांबावयाचें असेल तर चोवीस तास धरून, तशी सर्व व्यवस्था करून थांबावें. आणि तितकें थांबणें शक्य नसेल तर भाऊ, पुतण्या, मुलगी, जो कोणी जवळ असेल त्याच्या हातून कार्य करवून घ्यावें आणि तसें मुलाला फोनवरच सांगून टाकावें. "तू ये, आम्ही थांबलों आहों" असें सांगून मग न थांबणें हें दोहोंपेक्षां वाईट. तो मुलगा नऊ तास खिडकीबाहेरच्या अंधारांत घड्याळ पाहत बसलेला असतो. त्याला त्या वेळीं कोणाचा फोनही येऊं शकत नाहीं. अशा प्रसंगीं घरांतील एकाच जाणत्या माणसानें वेळ सांगावी. इतरांनीं अंदाज बोलून दाखवूं नयेत.

पुढच्या वर्षीं श्राद्धाची तिथि आली कीं हाच घड्याळाचा फरक पुन्हां पुढें उभा राहतो. तिथि आकाशांत सर्वत्र एकाच क्षणीं सुरू होते आणि एकाच क्षणीं संपते. पण दिवस ठरतो तो त्या त्या गांवच्या सूर्यावरून. हिवाळ्यांतील एखादी तिथि मुंबईंत सायंकाळीं ५ वाजतां संपली, तर येथें अपराह्णकाळ तिच्यांत सांपडला. लंडनांत त्या क्षणीं सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. तेथील अपराह्ण यावयाच्या आधींच ती तिथि संपलेली असते, आणि श्राद्ध आदल्या दिवशीं येऊं शकतें. तेव्हां इकडील दिनदर्शिकेच्या पानाचें छायाचित्र मुलाला पाठवून काम भागत नाहीं. लंडनच्या सूर्योदयावरून केलेलीं पंचांगें मिळतात. तें एक त्याच्या घरीं असूं द्यावें, आणि येथील दिनदर्शिकेवर त्या महिन्याच्या पानावर त्याची तारीख निराळ्या शाईनें लिहून ठेवावी, म्हणजे भावंडांना एकमेकांस फोन कोणत्या दिवशीं करावयाचा हें कळेल.